कापूस घरात आला की रेकॉर्डिंग : विदर्भातल्या गावात राहून अल्बम करताना

पुण्यात नऊ वर्षं काढून मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी मोठ्या आईकडे राहायला आले. सामानात एक गिटार, दोन माइक, दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि अर्धवट सुचलेली सहा गाणी होती. गावात गेलं की शांतता असेल, मातीच्या खोलीत बसून निवांत गाणी होतील, असं डोक्यात होतं. आठवडाभरात ते उतरलं. पहाटे मंदिराचा भोंगा, सहाला मुक्कामी एसटी सुरू व्हायची घरघर, दुपारी पिठाची चक्की, रात्री रानडुकरं हाकलायला वावरात लावलेली माणसांच्या ओरडण्याची रेकॉर्डिंगं. शहराचा आवाज सलग असतो, म्हणून कान त्याला सरावतो. गावातला आवाज सुटा सुटा येतो, आणि नेमका टेकच्या, म्हणजे एका सलग रेकॉर्डिंगच्या, मधोमध येतो.

तरीही नऊ गाण्यांचा अल्बम इथेच झाला. त्याला दोन हंगाम लागले, त्यातला पहिला चुका करण्यात गेला. ज्यांना गाणी लिहिता येतात, थोडं सामान जवळ आहे, आणि नोकरी सोडून, बदली होऊन किंवा घरच्या कारणाने गावी यावं लागलं आहे, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात दिनदर्शिकेपासून

शहरात आपण आधी गाणी लिहितो आणि मग स्टुडिओची तारीख घेतो. इथे उलट करा. वर्षातले कोणते दिवस रेकॉर्डिंगला मिळणार ते आधी काढा आणि त्यांच्या मागे मोजत या.

पहिल्या वर्षी मी मे महिना धरला होता, कारण तेव्हा शेतीची कामं कमी असतात आणि माणसं मोकळी असतात. पण विदर्भातल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि घरात कूलर चालू असतो. कूलर चालू ठेवला तर माइकमध्ये धबधबा, बंद केला तर दहा मिनिटांत घामाचे थेंब तारांवर. त्यात कोरड्या हवेने गिटारच्या वरच्या फळीला पुलाजवळ, म्हणजे तारा जिथे अडकवतात तिथे, केसासारखी चीर गेली. त्या महिन्यातलं एकही रेकॉर्डिंग अल्बममध्ये नाही.

जून पेरणीचा. त्या दिवसांत कोणाला ढोलकी वाजवायला बोलावणं म्हणजे शिव्या खाणं. जुलै-ऑगस्टमध्ये टिनाच्या पत्र्यावर पाऊस, आणि पाऊस थांबला की बेडूक आणि रातकिडे. हे दोन महिने लिहायला ठेवा. पोळ्याला तोरणाखाली झडत्या ऐकायला जा; चार ओळींत टोमणा कसा मारावा हे तिथे शिकायला मिळतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी असतात. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, पहाटेपर्यंत चालतं. कोजागिरी ते कार्तिक पौर्णिमा काकडा. मग तुळशीची लग्नं आटोपली की माणसांची सुरू होतात आणि डीजे निघतो.

एवढं वजा करून माझ्या हाती उरलं ते कार्तिक पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंतचं थंडीचं खिंडार. त्यातही रात्री दोन ते पहाटे साडेचार. कॅलेंडरवर लग्नाच्या दाट तिथी पाहून त्या सोडून द्या. आपल्या गावात लग्न नसलं म्हणून भागत नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यापेक्षा उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. तीन गावं पलीकडचा डीजे रात्री अंगणात वाजल्यासारखा ऐकू येतो तो यामुळेच. नियमाने रात्री दहानंतर भोंगा बंद हवा. नियमाच्या भरवशावर टेक ठरवू नका.

आणखी एक वेळापत्रक बघायचं ते विजेचं. शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या दिवसांत धुऱ्यावरच्या मोटारी चालू असतात, घरचं व्होल्टेज खालीवर होतं, आणि ओलिताला गेलेल्या माणसांच्या फटफट्या मध्यरात्री परततात. रात्रपाळीत मी फक्त पाठांतर केलं. रेकॉर्डिंग दिवसपाळीच्या आठवड्यांत.

शहरातून आणलेल्या गाण्यांचं काय करायचं

माझ्या सहा गाण्यांपैकी दोनच टिकली. कोणती टिकणार हे कळायला सोपा उपाय: संध्याकाळी सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून माइकशिवाय, गिटार हळू ठेवून गाणं म्हणा, आणि समोर शेंगा फोडत बसलेल्या बायकांचे हात थांबतात का ते बघा. कौतुक विचारू नका. तोंडावर कोणी वाईट म्हणत नाही, पण हात खोटं बोलत नाहीत. माझी ट्रॅफिकवरची आणि पाचव्या मजल्यावरच्या खिडकीवरची गाणी चालू असताना शेंगा अखंड फुटत होत्या.

नव्या गाण्यांत पहिला मोह होतो तो वऱ्हाडी लिहिण्याचा. जपून. शब्द बदलणं फार सोपं आहे आणि तिथेच फसगत होते. ‘मला’चं ‘मले’ करा, मात्रा तीनच. ‘काळा’चं ‘काया’ करा, मात्रा चारच. वृत्ताला धक्का लागत नाही, म्हणून वाटतं गाणं वऱ्हाडी झालं. प्रत्यक्षात ते वऱ्हाडी लुगडं नेसलेलं पुणेरी गाणं असतं. खरी बोली वाक्याच्या चालीत असते. ‘मी जातेय’ हे इथे ‘मी जाऊन राह्यली’ होतं, आणि तेवढ्याने ओळीचा श्वास लांबतो, चाल बदलावी लागते. बोलीत लिहायचं असेल तर चाल आधी बोलीची घ्या, शब्द मागून येतील. आणि पूर्वेकडे, भंडारा-गडचिरोलीकडे राहत असाल तर तिथली झाडीबोली वेगळी आहे. वऱ्हाडी ठसका तिथे उसना वाटतो.

मी शेवटी बहुतेक गाणी माझ्या रोजच्या मराठीत ठेवली. बोली आली ती दोन गाण्यांत, दुसऱ्याच्या तोंडच्या वाक्यांपुरती. एक वही फक्त ऐकलेल्या वाक्यांची करा. माझ्या वहीतलं पहिलं वाक्य मोठ्या आईचं आहे, मी आले त्या रात्रीचं: “आली तं आली, पन मन कोठी ठेवून आली वं?” अल्बमचं पहिलं गाणं त्यावरच आहे.

खोली: इथे जास्त वेळ द्या

आवाज बाहेरून आत येणं आणि आवाज आतल्या आत घुमणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. त्यांची औषधंही वेगळी.

पहिल्याला जाडी आणि वजन लागतं. जुन्या घराच्या दीड-दोन फूट जाड मातीच्या भिंती यात उत्तम. गळती होते ती दारातून, खिडकीतून आणि छपरातून. दाराच्या फटीत जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ठोका. खिडकीला आतून प्लायवूड लावा आणि कडेने पोतं कोंबा. कवेलू, म्हणजे मातीची कौलं, असतील तर आवाज येणारच. वर माळा असलेली खोली निवडा. टिनाच्या खोलीत बसूच नका, पाऊस नसला तरी पहाटे गारठ्याने पत्रा आकसतो आणि टणटण वाजतो.

दुसऱ्या दुखण्यावर शहरात फोम चिकटवतात, गावात गोधड्या टांगतात. गोधडी वाईट नाही, पण तिची जाडी दोन इंच. ती ‘स’ आणि ‘च’ची धार मऊ करते, खालचा घुमारा तसाच राहतो. कारण सोपं आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 100 हर्ट्झच्या सुराची लाट साडेतीन मीटरच्या जवळपास लांब असते. तिला नीट पकडायला भिंतीपासून साधारण पाव लाटेइतकी, म्हणजे पाऊण-एक मीटर जाड मऊ वस्तू हवी. इतका जाड फोम कोण विकत घेणार?

विकत घ्यायची गरज नाही. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाली की डिसेंबरपर्यंत घरातल्या एका खोलीत कापूस भरलेला असतो. भाव येईपर्यंत तो तिथेच राहतो, कधी छातीएवढा, कधी आढ्यापर्यंत. सरकीसकट, मोकळा, तीन-चार फूट जाड. पहिल्यांदा काहीतरी शोधायला त्या खोलीत गेले आणि सहज हाक मारली, तर आवाज ओठांपाशीच संपला. त्या रात्री गिटार तिकडे नेलं. सकाळी मोठी आई म्हणाली, “काहून वं, कापसासंगं बोलत होती काय रातभर?”

मात्र कापूस हे घरचं वर्षभराचं उत्पन्न आहे हे विसरू नका. त्या खोलीत शिरायचे माझे नियम हे होते:

आग सगळ्यात आधी. कापसाच्या खोलीत वायरचा जोड नको, एक्स्टेंशन बोर्ड नको, चार्जर नको, डासांची कॉइल नको, अगरबत्तीही नको. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर तो बाहेरच्या खोलीत ठेवून माइकची लांब केबल दाराखालून घ्या. उजेडाला हातातली बॅटरी.

कापसावर बसायचं नाही, टेकायचं नाही. दबलेला, मळलेला कापूस काट्यावर मार खातो. डोक्याला रुमाल बांधा. कापसात केस गेलेले व्यापाऱ्याला चालत नाहीत आणि प्लास्टिकच्या सुतळीचा धागा तर मुळीच नाही.

ढिगावर सुती चादरी किंवा जुनी धोतरं टाका. आवाज त्यांतून आरपार जातो आणि तंतू तुमच्या घशात व लॅपटॉपच्या पंख्यात जात नाहीत. ताडपत्री टाकू नका. तिच्यावर आपटून वरचे सूर परत येतात आणि सगळी मेहनत वाया. जुन्या साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि मार्च उजाडायच्या आत काम आटपा.

बसायचं कुठे? ढीग पाठीशी घ्या, तोंड मोकळ्या भिंतीकडे तिरपं, माइक तोंड आणि भिंत यांच्या मध्ये. माइक समोरून ऐकतो, म्हणजे तुमच्या मागे जे आहे तेच तो ऐकतो. लोक हे उलट करतात, मऊ वस्तू माइकच्या मागे लावतात. ढीग फार मोठा असेल तर खोली अगदी मुकी होते आणि आवाज टीव्हीवरच्या बातम्यांसारखा कोरडा येतो. तेव्हा एक लाकडी पाट किंवा सूप समोरच्या भिंतीला टेकवून ठेवा, थोडी चमक परत येते. मी सूप वापरलं.

शेती नसेल, किंवा शेतात फक्त सोयाबीन असेल तर? सोयाबीनचे कट्टे वजनाने दार-खिडकी बंद करायला छान, पण घुमारा शोषायला नाहीत. मग शेजाऱ्याकडे विचारा. विचारायला लाजू नका. माझं दुसरं निम्मं रेकॉर्डिंग शेजारच्यांच्या खोलीत झालं, कारण मोठ्या आईने जानेवारीतच खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, अर्धा कापूस देऊन टाकला.

वीज आणि गुणगुण

हेडफोन लावल्यावर सतत ‘हूं’ येत असेल तर ती 50 हर्ट्झची विजेची गुणगुण. पहिला उपाय फुकटचा: चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दहापैकी आठ वेळा आवाज तिथेच थांबतो. तरी राहिला तर घराचं अर्थिंग तपासा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनकडून मीठ-कोळशाचा खड्डा नव्याने करून घ्या आणि हिवाळा संपता संपता त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. हे काम स्वतः करू नका.

इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हचा असेल तर तो स्वतःच किरकिरतो. रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. फ्रिजही बंद, आणि बंद केल्यावर चपला फ्रिजवर ठेवा. म्हणजे उठून जाताना आठवेल. माझी दोन लिटर दुधाची नासाडी झाल्यावर ही युक्ती सुचली.

सामान

थोडक्यात. दोन इनपुटचा इंटरफेस पुरतो. एक डायनॅमिक माइक हवाच. तो जवळचंच ऐकतो, दूरचं कुत्रं कमी पकडतो. एक कंडेन्सर माइक गिटारसाठी. त्याला 48 व्होल्टचा फॅंटम पुरवठा लागतो, तो इंटरफेसमधूनच मिळतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारे घ्या. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. मी रीपर वापरते.

सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) ठेवा. 24 बिटात हळू रेकॉर्ड झालेलं नंतर मोठं करता येतं, फाटलेलं शिवता येत नाही. एका मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा लागते. रोज पहाटे झोपायच्या आधी दोन ठिकाणी कॉपी करा आणि एक कॉपी दुसऱ्या घरात ठेवा.

गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मार्चनंतर ती केसमध्येच ठेवा, आणि सोबत साबणाच्या भोकाच्या डबीत ओला, पिळलेला स्पंज. पावसाळ्यात लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात. त्यासाठी पुलावरची, तारांखालची पट्टी घासायची घाई करू नका, दिवाळीपर्यंत फुगलेलं लाकूड आपोआप बसतं.

मंडळासोबत बसायचं असेल तर

जवळपास प्रत्येक गावात भजन मंडळ असतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे विदर्भातल्या मंडळांत खंजिरी आहे, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आहे. यांना ‘सेशन म्युझिशियन’ समजून बोलावलंत तर कोणी येणार नाही. आधी तीन-चार महिने तुम्ही जा. मागे बसून टाळ वाजवा. आमच्याकडे पेटीवाल्या काकाजींनी दोन महिन्यांनी स्वतःच विचारलं, “पोरी, तुह्या गिटारीत आमचं काही जमते का?”

जमवायला पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ कोणत्या सुरावर धरला ते, कळली पाहिजे. मंडळी ‘सी शार्प’ म्हणत नाहीत, ‘काळी एक’ म्हणतात. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. गिटारवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका घरात दाबून धरणारा चिमटा, लावून हे सहज होतं: काळी एकला पहिल्या घरात कॅपो आणि सीचे कॉर्ड, काळी दोनला पहिल्या घरात कॅपो आणि डीचे, पांढरी चारला तिसऱ्या घरात कॅपो आणि डीचे. बायका गाणार असतील आणि काळी चार धरली तर पहिल्या घरात कॅपो, जीचे कॉर्ड. हा कागद गिटारच्या केसमध्ये चिकटवून ठेवा.

ओव्या आणि भुलाबाईच्या चालींना मी कॉर्ड लावायचा नाद सोडला. त्या चालींत गंधार कधी चढा तर कधी उतरा लागतो, आणि आपला मेजर किंवा माइनर कॉर्ड तिथे भांडण लावतो. त्याऐवजी तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावा. पांढरी दोनचा षड्ज धरला तर हे सा-प-सा-म-प-सा होतं. गंधार कुठेच नाही, त्यामुळे गाणारीला मोकळं रान.

मंडळाची पेटी ट्यूनरप्रमाणे नसते. आमची बऱ्यापैकी उतरलेली होती. मी ट्यूनर दाखवायला गेले तर काकाजी म्हणाले, “पेटी नाई चढत, तूच उतर.” बरोबर होतं त्यांचं. पेटीचे सूर पक्के असतात, तारा ढिल्या करता येतात. पेटीचा ‘ए’ वाजवून ट्यूनरचा आकडा 440 वरून खालीवर सरकवा, जुळला की त्यावर सगळी गिटार लावा, आणि तो आकडा गाण्याच्या नावासमोर लिहून ठेवा. नाहीतर महिन्याने गिटारची एक ओळ दुरुस्त करायला बसाल आणि काहीच जुळणार नाही.

मेट्रोनोम काढू नका. मंडळाची लय हळू सुरू होऊन चढत जाते, तोच तिचा जीव. मेट्रोनोमच्या टिकटिकीवर ही माणसं लाकडासारखी वाजवतात. आधी त्यांना एकत्र वाजवू द्या, नंतर त्यावर तुम्ही गिटार आणि गाणं चढवा. एकाच माइकवर सगळे घ्यायचे असतील तर आवाज अंतराने तोला: गाणारे दोन-तीन फुटांवर, पेटी चारवर, ढोलकी सहावर, खंजिरी सगळ्यात मागे सात-आठ फुटांवर आणि तिचं तोंड माइककडे नको. खंजिरीच्या झांजांचा टोला मीटरवर दिसतो त्याहून तिखट असतो. तिच्यासाठी गेन आणखी कमी करा. हे कापसाच्या खोलीत मावत नाही. आम्ही मंदिराच्या सभामंडपात, रात्री अकरा ते दीड, असे दोन दिवस बसलो. तिथला घुमारा ठेवला, तो या गाण्यांना शोभतो.

पैशाचं बोलणं आधी. आमच्या मंडळाने हातात पैसे घेतले नाहीत. मग नवी ढोलकी मढवून दिली आणि रक्कम मंडळाच्या वहीत लिहिली. वर एक पानभर मराठी कागद केला: कोणी काय वाजवलं, काय दिलं, पुढे पैसे आले तर वाटा किती. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचे स्वतंत्र हक्क असतात आणि ते 50 वर्षं टिकतात. हा कागद त्यांच्यासाठी जितका, तितकाच तुमच्यासाठी आहे. आणि रात्री दीडला सगळ्यांना चहा आणि आलूपोंगे लागतात, त्याची सोय विसरू नका.

‘पारंपरिक’ आहे का, हे तपासा

इथे मी जवळजवळ घसरले होते. मंडळ म्हणतं त्या एका भजनाच्या दोन ओळी मी गाण्याच्या मध्ये घेतल्या आणि श्रेयात ‘पारंपरिक’ लिहिणार होते. शेवटचं कडवं ऐकलं तेव्हा त्यात ‘तुकड्या म्हणे’ आलं. तुकडोजी महाराजांचं निधन 1968 सालचं. कायद्याने कवीचा हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो आणि ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात, म्हणजे 2028 संपेपर्यंत त्यांच्या रचना मोकळ्या नाहीत. सगळं गाव म्हणतं म्हणून गाणं कोणाचंच नसतं असं नाही. मी त्या ओळी काढल्या आणि तिथे नुसती पेटी ठेवली.

म्हणून नेहमी शेवटचं कडवं ऐका. नाममुद्रा तिथेच असते. ओव्यांचं निराळं. त्या परंपरेतून येतात, पण म्हणणारी त्यात आपल्या भावाचं, लेकीचं, गावाचं नाव गुंफते. तेवढा भाग तिचा. तो वापरायचा असेल तर तिला विचारा, आणि रेकॉर्ड झालेलं तिला ऐकवा. एका मावशीने ऐकून सांगितलं की भावाचं नाव काढ, त्याच्याशी आता बोलणं नाही. काढलं.

टेक घेताना

गिटारला माइक बाराव्या घरासमोर, वीतभर ते फूटभर अंतरावर. भोकासमोर लावला तर ढबढब येते. गाण्याला तोंडापासून वीतभर, थोडा तिरका.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला आणि शेवटी एक मिनिट गप्प बसून खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. नंतर दोन टेक जोडताना मधली फट भरायला तो लागतो. अगदी कोरी शांतता टाकली तर कानाला ठेच लागते.

टिटवी ओरडली, कुत्रं भुंकलं तर लगेच थांबू नका, गाणं पूर्ण करा. निम्म्या वेळा तो आवाज दोन ओळींच्या मध्ये असतो आणि कापता येतो. उरलेल्यांपैकी काही ठेवावेसे वाटतात. मात्र गावाचे आवाज मुद्दाम पेरू नका. बंडीच्या घुंगरांनी सुरू होणारं गाणं दहा वेळा ऐकलंय. माझ्या अल्बममध्ये गावाचा एकच आवाज आहे, लॅपटॉप बाहेर ठेवल्याने दाराच्या फटीतून आलेला मोठ्या आईचा खोकला. तो काढायचा खूप प्रयत्न केला. मग राहू दिला.

आणि कापूस विकायची तारीख घरात विचारून ठेवा. मी विचारली नव्हती. एका गाण्याच्या दोन ओळी राहिल्या असताना सकाळी मेटॅडोर दारात. रिकाम्या खोलीत गोधड्या टांगून त्या ओळी गायले, पण आवाज दुसऱ्याच घरातला वाटत होता. शेवटी त्या ओळींविना गाणं पूर्ण केलं.

उन्हाळ्यात मिक्सिंग, मग पाठवणं

मिक्सिंग पहाटे, कूलर लागायच्या आत, रोज दोन तास. हेडफोनवर केलं तरी चालतं, पण प्रत्येक मिक्स आणखी तीन ठिकाणी ऐका: साध्या मोबाईलच्या स्पीकरवर, काळीपिवळीत आणि ट्रॅक्टरवर. मोबाईलवर शब्द कळले पाहिजेत, ट्रॅक्टरवर ठेका.

दुसऱ्याकडून मिक्स करून घेणार असाल तर हिशेब करा. चार मिनिटांचं, बारा मोनो ट्रॅकचं एक गाणं साधारण 415 एमबी होतं. नऊ गाणी म्हणजे पावणेचार जीबी. गावातल्या नेटवर हे रात्रभर चढत राहतं आणि पहाटे तुटतं. मी तालुक्याला एका ओळखीच्या दुकानातल्या ब्रॉडबँडवर बसून पाठवलं. मास्टर करताना फार मोठा आवाज करायच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळं उणे 14 लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) पातळीला आणतं, वर दाबलेलं गाणं नुसतं चपटं होतं. गाण्यांचे आयएसआरसी क्रमांक, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगचे ओळखक्रमांक, गाणी ऑनलाइन चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून मिळतात. गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसमध्ये, म्हणजे रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेत, नाव नोंदवा.

प्रकाशनाला मी भाद्रपद घेतला. पोळा झालेला, सोंगणीला अवकाश, माणसं सपरीत बसून ऐकतात.

मंडळाला, शेजाऱ्यांना आणि मेटॅडोरवाल्याला अल्बम पेनड्राइव्हवर दिला, लिंकवर नाही. त्यासाठी एमपी थ्रीच्या वेगळ्या फायली करा, ट्रॅक्टरचा डेक डब्ल्यूएव्ही बहुधा वाजवत नाही. पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉर्मॅट करा. फायलींच्या नावांच्या सुरुवातीला 01, 02 असे आकडे टाका, नाहीतर क्रम बिघडतो. आणि नावं देवनागरीत देऊ नका. आमच्या ट्रॅक्टरच्या पडद्यावर सगळ्या नऊ गाण्यांची नावं चौकोन, चौकोन, चौकोन अशी आली, आणि काकाजी अजून चौथ्या गाण्याला ‘ते चौकोनवालं’च म्हणतात.